खणांचे घर आणि खोल्यांचे घर

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या आमच्या कुरुंदवाडात, आणि कुरुंदवाडातच काय, साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात, घराचे आकारमान सांगण्याची जुनी रीत अशी होती की ते किती हात लांब आणि किती हात रुंद हे कोणी सांगत नसे. ते किती खणांचे आहे एवढेच सांगितले जाई, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राही. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. असे खण एकास एक जोडत गेले की सोपा होतो, चार सोपे चार दिशांनी एकमेकांना भिडले की मध्ये चौक उरतो, आणि चौकामागे चौक लागला की घराचा वाडा होतो. रस्त्याकडे पाठ करून बसलेले, आपले सारे सौंदर्य आतल्या चौकासाठी राखून ठेवणारे, बाहेरच्या माणसाला भक्कम दगडी जोते, जाड भिंत आणि दिंडी दरवाजा यांपलीकडे काहीही न दाखवणारे हे घर. घर म्हणजे हेच, अशी ज्याची लहानपणापासूनची समजूत, तो मनुष्य पुढे मुंबईच्या कोटात एखाद्या जुन्या इंग्रजी वास्तूसमोर उभा राहिला म्हणजे त्याला प्रथम जाणवते ते हे, की या घराने आपले तोंड रस्त्याकडे केलेले आहे.

ज्या वास्तूविषयी मला लिहावयाचे आहे ती ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग या नावाने ओळखली जाते. शहीद भगतसिंग मार्गावर आरमारी गोदीच्या लायन गेटसमोर ती उभी आहे. येणारेजाणारे लोक तिच्यावरून नजर फिरवतात आणि पुढे जातात, कारण व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कळस, घुमट, कमानी आणि कोरीव प्राण्यांची गर्दी ज्या शहराने पाहिली त्या शहरात हिच्या साध्या, सरळ, चुन्याच्या गिलाव्याने आच्छादलेल्या भिंती कोणाचे लक्ष वेधून घेत नाहीत. परंतु मुंबईच्या हायकोर्टापेक्षा, टाऊन हॉलपेक्षा आणि टांकसाळीपेक्षाही ही वास्तू वयाने वडील आहे. गव्हर्नर, आरमारी अधिकारी, न्यायाधीश आणि अखेर उतारू अशा चार प्रकारच्या माणसांना तिने एकामागून एक आश्रय दिला आहे. आणि इंग्रजांच्या ज्या गृहरचनेला जॉर्जियन म्हणतात तिचा आपल्या इलाख्यातील हा एक फार जुना, अद्याप उभा असलेला दाखला आहे.

जॉर्जियन हे नाव राजांवरून पडले. सन १७१४ पासून १८३० पर्यंत इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे चार राजे लागोपाठ बसले, आणि त्या शंभरसव्वाशे वर्षांत तिकडे जी घरे उठली त्यांना हे नाव मिळाले. मात्र या घरांचा कुलपुरुष इंग्रज नव्हता. इटलीतील पाल्लाडिओ नामक स्थपतीने प्राचीन रोमच्या भग्नावशेषांची मापे घेऊन १५७० साली वास्तुशास्त्रावर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो दीडशे वर्षांनी इंग्रजीत उतरला, आणि मग जेम्स गिब्जसारख्या स्थपतींनी १७२८ च्या सुमारास घरांच्या आराखड्यांची सचित्र पुस्तकेच काढली. हीच या पद्धतीची किल्ली आहे. आपल्याकडे वाडा बांधण्याची विद्या सुताराच्या हातात आणि गवंड्याच्या ओळंब्यात राही, बापाकडून मुलाकडे जाई, आणि कागदावर क्वचितच उतरे. जॉर्जियन घर हे प्रथम कागदावर जन्मले आणि कागदाबरोबर प्रवासाला निघाले. पुस्तक उघडावे, आकृती निवडावी, मापे गवंड्याला वाचून दाखवावी, आणि डब्लिन, फिलाडेल्फिया किंवा कलकत्ता यांपैकी कोठेही तेच घर उभे करावे. कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाउस डर्बीशरमधील केडलस्टन या वाड्याच्या नमुन्यावर १८०३ साली पुरे झाले ते याच रीतीने.

त्या घराचा नियम एका वाक्यात सांगता येतो: मधोमध एक रेषा कल्पावी, आणि तिच्या उजवीकडे जे आहे ते डावीकडे असलेच पाहिजे. मध्यभागी दार, दारावर पंखा उलगडावा तशी अर्धवर्तुळाकार काच, दोन्ही अंगांना सारख्या संख्येच्या खिडक्या, त्यांवर वरच्या मजल्याच्या खिडक्या बरोबर ओळंब्यात. मुख्य मजल्याची खिडकी सर्वांत उंच, त्याच्या वरच्या मजल्याची आखूड, आणि माळ्यावर नोकर झोपतात तेथील तर अगदी बुटकी, म्हणजे बाहेरून खिडकी पाहूनच आतल्या माणसाचा दर्जा कळावा. या खिडक्या आपल्यासारख्या बिजागरीवर फिरत नसत, तर दोरी आणि वजन यांच्या साहाय्याने वर-खाली सरकत. खिडकीवर सरकारी कर होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत. आणि कर चुकवण्यासाठी लोक खिडक्या विटांनी बुजवून टाकीत, पण बाहेरची समतोल रेषा बिघडू नये म्हणून चौकट तशीच राखीत. प्रकाशावाचून राहू, परंतु घराचा चेहरा वाकडा होऊ देणार नाही, असा हा आग्रह. मला त्याचे एकाच वेळी कौतुकही वाटते आणि अप्रूपही, कारण आमच्या वाड्यात बाहेरची भिंत कशी दिसते याची चिंता कोणी केली नाही, आणि देवघरात सकाळचे ऊन कोठून येईल याची चिंता मात्र प्रत्येकाने केली.

या दोन गृहकल्पनांची गाठ इंग्लंडातच एकदा पडली होती, आणि तो प्रसंग मराठी इतिहासाच्या वाचकाला सांगण्यासारखा आहे. रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा एक ब्राह्मण वकील विलायतेस पाठवला. त्याच्यासोबत दोन पारशी गृहस्थ होते. सन १७८१ मध्ये ही मंडळी लंडनच्या परिसरात हाल सोसत असताना पार्लमेंटातील प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या ग्रेगरीज नावाच्या घरी आसरा दिला. ते घर पाल्लाडिओच्या वळणाचे, दुतर्फा स्तंभांच्या ओळी असलेले, उत्तम प्रकारचे होते. पण त्या साऱ्या प्रशस्त दालनांपैकी एकही हणमंतरावांच्या उपयोगी पडले नाही, कारण सोवळ्याने स्वयंपाक करावा, स्नानसंध्या करावी, अन्नावर कोणाची दृष्टी पडू नये, अशी जागा त्या घराच्या आराखड्यातच नव्हती. अखेर बर्क यांनी बागेतील काचघर, जिथे थंडीत झाडे ठेवीत, ते त्यांना मोकळे करून दिले, आणि पेशव्यांच्या वकिलाने तेथे आपली चूल मांडली. बर्क यांच्या सौजन्याची ही गोष्ट जेवढी आहे तेवढीच ती घरांचीही आहे. एका घरात सर्व खोल्या सारख्या, कोणतीही कशासाठीही वापरावी. दुसऱ्यात प्रत्येक खणाला त्याचा अधिकार नेमून दिलेला. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुंबईत आल्यावर इंग्रजी घराला हवेपुढे नमावे लागले. रोमन स्तंभांच्या ओळीमागे रुंद व्हरांडा आला, आणि तो शब्दही पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला. काच महाग आणि ऊन फार, म्हणून जुन्या मुंबईत खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत, त्यांतून दुधाळ उजेड आत येई; पुढे लाकडी झिलमिल्या आल्या. धुराड्यांचे प्रयोजन उरले नाही. छत उंच गेले, भिंती जाड झाल्या, आणि शिंपले जाळून केलेल्या चुन्याचा गिलावा घोटूनघोटून असा गुळगुळीत करण्यात आला की परक्या प्रवाशाने त्याला संगमरवर समजावे. चुना घोटणारे हात अर्थातच इथले होते.

ग्रेट वेस्टर्नची वास्तू अठराव्या शतकात अशीच उभी राहिली, आणि १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या नावाने हॉर्नबी हाउस म्हणून प्रसिद्धीस आली. आरमाराच्या प्रमुखाच्या निवासामुळे तिला ॲडमिरल्टी हाउसही म्हणत. वरळीची खाडी बांध घालून बंद करणारा हाच तो हॉर्नबी, आणि रघुनाथरावांशी १७७५ मध्ये सुरतेचा तहनामा झाला तो याच्याच कारकिर्दीत. कुरुंदवाडच्या माणसाला हे नाव परके नाही. सन १७७६ च्या अखेरीस रघुनाथराव मुंबईत या गव्हर्नराच्या आश्रयाला येऊन राहिले. त्यांचा पक्ष घेऊन हैदरअलीने कृष्णेच्या दक्षिणेकडे पुंडावा मांडला. आणि १७७७ च्या आरंभी त्याच्या फौजेशी सावशी येथे जी लढाई झाली तिच्यात आमचे कोन्हेरराव त्रिंबक पटवर्धन धारातीर्थी पडले व पांडुरंगराव पटवर्धन कैद झाले. त्रिंबक हरी पटवर्धनांना १७३३ मध्ये मिळालेल्या या ठाण्याच्या पहिल्याच पिढीनंतरचा हा घाव होता. मुंबईच्या समतोल खिडक्यांआड ठरणाऱ्या मसलतींची झळ संगमावरच्या चौसोपी वाड्यापर्यंत पोहोचली होती, आणि तो वाडा बांधणाऱ्यांनी त्या खिडक्या कधी पाहिल्याही नव्हत्या.

हॉर्नबी परत गेला आणि त्याने हॅम्पशर परगण्यात समुद्राकाठी हुक येथे मोठे घर बांधले. ते मुंबईच्या गव्हर्नराच्या घराची प्रतिकृती होते असे तिकडे सांगत आले आहेत. इंग्लंडचे घर पुस्तकातून मुंबईला आले, मुंबईच्या उन्हाने व वाऱ्याने त्यात फेरफार केला, आणि ते फेरफारासह परत इंग्लंडच्या थंडीत जाऊन उभे राहिले. तिकडचे ते घर १९०३ साली आगीत नाहीसे झाले. इकडच्या घराने त्याहून मोठी आग पाहिली होती: १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील सुमारे एक तृतीयांश वस्ती जळाली, तीत ते वाचले.

त्या वेळी घराचा व्यवसाय बदललेला होता. सन १७९८ मध्ये मुंबईस रेकॉर्डरचे न्यायालय स्थापन झाले आणि थोड्याच काळात ते या वास्तूत येऊन बसले. १८२४ मध्ये त्याची जागा सुप्रीम कोर्टाने घेतली, १८६२ मध्ये हायकोर्टाने, आणि आजचे हायकोर्टाचे गॉथिक मंदिर १८७८ मध्ये पुरे होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे, मुंबईचा सर्वोच्च न्याय एका जुन्या राहत्या घराच्या दिवाणखान्यातून चालला. त्या भिंतींनी ऐकलेल्या खटल्यांपैकी दोहोंचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

पहिला मोरो रघुनाथाचा. पुण्यातील हा चौदा वर्षांचा मुलगा, पेशव्यांच्या नात्यातील पांडुरंग रामचंद्र या आपल्या वृद्ध आप्ताच्या ताब्यात होता. त्याला हजर करावे असा हुकूम १८२८ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून मागण्यात आला. प्रश्न मुलाचा असला तरी वाद अंमलाचा होता. मुंबई बेटावरील राजाच्या कोर्टाचा हुकूम घाटावर, नुकत्याच जिंकलेल्या पेशवाई मुलखात, चालतो की नाही? तो चालला असता तर आज ना उद्या सांगली, मिरज, कुरुंदवाड येथील जहागीरदारांच्या देवडीवरही येऊन थडकला असता, आणि त्यांच्याशी १८१९ मध्ये झालेल्या करारांना काय अर्थ उरला असता हे सांगणे कठीण आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हुकमाची बजावणी करण्याचे नाकारले. सर जॉन पीटर ग्रँट हे एकटे उरलेले न्यायाधीश मागे हटेनात, आणि १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने ग्रँट यांच्या विरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण गव्हर्नराच्या जुन्या दिवाणखान्यात बसून गव्हर्नराशी झगडणाऱ्या त्या हट्टी न्यायाधीशाविषयी माझ्या मनात आदर आहे.

दुसरा महाराज लायबल केस. वल्लभसंप्रदायी महाराजांच्या अनाचारावर लिहिल्याबद्दल करसनदास मुळजी या गुजराती पत्रकारावर भरलेला अब्रूनुकसानीचा दावा १८६२ च्या पूर्वार्धात येथेच चालला. साक्षीदारांत आमचे डॉक्टर भाऊ दाजी लाड होते, आणि आपल्या व्यवसायात जे दिसले ते त्यांनी निर्भयपणे सांगितले. रस्त्यावर जमाव लोटत होता. सर जोसेफ आर्नोल्ड यांनी करसनदासांच्या बाजूने जे मत दिले त्याने पश्चिम हिंदुस्थानातील समाजसुधारणेच्या चळवळीला बळ आले. मांदगावकर, राजापूरकर, पुणेकर यांपैकी ज्यांनी ज्यांनी त्या काळी मुंबईत वर्तमानपत्र वाचले, त्यांच्या तोंडी या घराचे नाव नसले तरी त्यातील शब्द होते.

न्यायालय गेल्यावर रिकामे झालेले हे घर खाणावळ आणि उतारूंचे निवासस्थान झाले. ग्रेट वेस्टर्न हॉटेल हे नाव तेव्हा चिकटले ते आजही, हॉटेल उरले नसताना, वास्तूवर आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईत बोटींनी उतरणाऱ्यांची संख्या वाढली होती, अपोलो बंदर जवळ होते, गोदी समोर होती, आणि ताजमहाल हॉटेल उघडावयास १९०३ साल उजाडायचे होते. गव्हर्नराच्या घराची खाणावळ झाली याला कोणी अधःपात म्हणेल. मला तसे वाटत नाही. न्यायालयाने या घराच्या खोल्यांना जे कधीच त्यांचे नव्हते असे काम सांगितले होते, जेथे माणसे जेवली आणि निजली तेथे पिंजरे आणि बाके मांडली होती. हॉटेलाने पुन्हा तेथे पानपात्र मांडले, अंथरूण घातले, आणि दिवे मालवून माणसे झोपी गेली. घराच्या सर्व उत्तरव्यवसायांत हा त्याच्या मूळ धर्माला सर्वांत जवळचा आहे.

आणि जॉर्जियन घराला तो सहज जमतो याचे कारण वर आले आहे. मध्ये एक दालन, तेथून वर जाणारा प्रशस्त जिना, दोन्ही अंगांना सारख्या आकाराच्या, स्वतंत्र दाराच्या, कोणत्याही विशिष्ट विधीला न बांधलेल्या खोल्या. हाच तर निवासगृहाचा आराखडा. दारांवर आकडे घातले की झाले. इंग्लंडात बाथ येथे रॉयल क्रेसेंट म्हणून चंद्रकोरीसारखी वळलेली तीस घरांची ओळ आहे, धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उठवलेली. तिच्या समोरच्या एकशे चौदा स्तंभांपैकी एकही न हलवता मधल्या दोन घरांत आज हॉटेल चालते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

आमच्या वाड्याचे तसे नाही. माजघरात परका मनुष्य निजत नाही, देवघराला आकडा घालता येत नाही, बाळंतिणीची खोली भाड्याने देता येत नाही, आणि एका खोलीतून दुसरीत जाण्याचा रस्ता तिसरीतून असतो. वाड्याने व्यवसाय बदलला तो बहुधा विद्येसाठी: दुसऱ्या बाजीरावाचा पुण्याचा विश्रामबागवाडा, पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा झाला, कारण गुरू सोप्यात बसला आणि शिष्य खणाखणांत बसले की चौक आपोआप शाळा होतो. कोल्हापूरकरांनी रंकाळ्याकाठी १९३४ मध्ये पुरा केलेला शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल होऊ शकला, तो राजवाडा असूनही, याचे कारण काळ्या दगडाचा तो प्रासाद मुळातच खोल्यांचा होता, खणांचा नव्हता.

आमच्या कुरुंदवाड संस्थानाची थोरली आणि धाकटी पाती १८५४ मध्ये वेगळी झाली, दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, आणि कचेऱ्या, पागा, दफ्तर, कारभारी हे सारे एका दिवसात निष्प्रयोजन झाले. त्यानंतर गावात जे वाडे राहिले ते कोणत्याही नव्या धंद्याविना राहिले. २००५ चा पूर आला, २०१९ चा आला, २०२१ चा आला; मातीच्या भिंतींनी किती वेळा भिजावे याला सीमा आहे. वाडा पडतो तेव्हा त्याला पाडला असे आम्ही म्हणत नाही, उतरवला म्हणतो, आणि उतरवलेल्या सागवानाचे कोरीव खांब शहरातल्या उपाहारगृहात शोभेला जाऊन उभे राहतात. वाडा हॉटेल झाला नाही. त्याचे अवयव झाले.

जॉर्जियन घर पुस्तकातून जन्मले म्हणून ते जळाले तरी पुस्तकात उरते. आमचे घर सुताराच्या हातात होते, आणि ते हात आता राहिले नाहीत. म्हणून माझी आपल्या गावकऱ्यांना आणि या भागातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे, की जो वाडा उतरवावयाचा ठरला असेल तो उतरवण्यापूर्वी चार दिवस थांबावे, टेप घेऊन खण मोजावे, चौकाची लांबीरुंदी, जोत्याची उंची, खांबाचा घेर, दिंडीची कडी, देवळीतल्या दिव्याची जागा, हे सारे कागदावर उतरून घ्यावे, कोणत्या खोलीला घरातली बायकामाणसे काय म्हणत ते त्यांनाच विचारून लिहावे, आणि त्या कागदाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.